मला मनापासून आवडलेलं कॉलेज

आजवर मला मनापासून आवडलेलं एकमेव कॉलेज हे कॉलेज नव्हतं.

हे मी अगदी शांतपणे सांगते आहे. आमच्या घरातल्या मंडळींनी हा किस्सा इतक्या हळदीकुंकवांत आणि इतक्या बारशांत सांगितला आहे, की एकदा तरी तो आरोपीच्या तोंडून ऐकला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.

आमचं घर बेंगळुरात, जयनगरला. घर माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. तरुणपणी ते साताऱ्याहून इथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला आले ते इथलेच झाले. त्यांच्या मराठीत कानडी असं मुरलंय की ‘स्वल्प मीठ घाल, सरी?’ हे वाक्य (म्हणजे ‘थोडं मीठ घाल, बरं का?’) ते शुद्ध मराठी समजून बोलतात. माझा नवरा गिरीश जन्मापासून इथलाच. तोही सरकारी संशोधन संस्थेत. आणि मी मेधा, नागपूरची. इंजिनियरिंग केलं, त्यावर एका बड्या कॉलेजातून एमबीए केलं, आणि आता बेळ्ळंदूरच्या एका आयटी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणजे, दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या स्लाइडचे रंग बदलते. इतकी वर्षं इथे राहून माझं कानडी भाजीवाल्यापाशी सुरू होतं आणि रिक्षावाल्यापाशी संपतं. वाचता तर एक अक्षर येत नाही.

आमची एकुलती एक मुलगी शर्वरी त्या वर्षी बारावी झाली, आणि घरात युद्ध पेटलं.

शर्वरीला तळ्यांवर शिकायचं होतं. हो, तळ्यांवर! बेंगळुरात तळी भरपूर, त्यातली बरीच आजारी, आणि या पोरीला त्यांची नाडी बघायची हौस. शाळेत असल्यापासून ती तळ्यांचं पाणी जॅमच्या बाटल्यांत भरून आणते आणि आमच्या फ्रीजमध्ये ठेवते. एकदा गिरीशने वरचा फेस बघून ताक समजून एक बाटली ग्लासात ओतली होती. तोंडाला लावणार तेवढ्यात शर्वरी ओरडली, “बाबा, थांब!” गिरीशला वाटलं, पोरीला बापाची काळजी. ती म्हणाली, “माझं सॅम्पल आहे ते!”

तर तिला शहरातल्या एका साध्या, जुन्या, अनुदानित कॉलेजात बीएस्सी करायचं होतं. वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, रसायन. फी इतकी कमी की गिरीशला संशयच आला. “एवढ्यात काय शिकवणार?” तो म्हणाला, “काहीतरी चूक आहे यात.”

गिरीशच्या मनात होतं होसकोटेच्या पुढचं एक खासगी विद्यापीठ. नाव सांगत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आणखी काहीतरी अशी जोडनावाची डिग्री, वातानुकूलित वर्ग, घोडेस्वारी. (संगणक शिकायला घोडा कशाला, हे मी विचारलं. ‘ओव्हरऑल डेव्हलपमेंट’ असं उत्तर मिळालं. कोणाचं, घोड्याचं?) फीचा आकडा गिरीशने मला तोंडाने सांगितलाच नाही, नुसता मोबाइल माझ्याकडे फिरवला. मी तो परत त्याच्याकडे फिरवला. त्यासाठी होसकोटेजवळचा आमचा प्लॉट विकावा लागणार होता, ज्यावर गिरीश गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात घर बांधत होता. घराचा दुसरा मजलाही झाला होता.

“तिच्यापुढे प्लॉट काय घेऊन बसलीस?” तो म्हणायचा.

“आणि ती काय म्हणते ते?”

“ती सतरा वर्षांची आहे.”

“माझं सोड. तू सतरा वर्षांचा असताना कोणाचं ऐकलंस?”

“मी कोणाचं ऐकलं नाही म्हणून तर सरकारी नोकरीत आहे!”

खरं सांगायचं तर मी विरोधी पक्षात होते, पण विरोधी पक्षासारखीच. आरडाओरडा करायचा आणि मतदानाच्या वेळी उठून बाहेर जायचं. कारण मनात कुठेतरी धाकधूक होतीच. उद्या पोरगी म्हणाली, “आई, तू तेव्हा का नाही पाठवलंस?” तर?

अशा परिस्थितीत एका रविवारी आम्ही त्या विद्यापीठाच्या ‘ओपन हाउस’ला निघालो. म्हणजे पालकांनी मुलासकट यायचं, कॉलेज बघायचं आणि दिपून जायचं. त्याआधी अशी दोन ओपन हाउसं आम्ही करून आलो होतो. एकीकडे दारात ढोल वाजवून आमचं स्वागत झालं होतं. दुसरीकडे यक्षगानाचा मुकुट घातलेला एक माणूस माझ्या अंगावर नाचत आला होता आणि शेवटी त्याने मला माहितीपत्रक दिलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं त्यात माझी बाजू लंगडी आहे, पण अगदीच पांगळी नाही.

अण्णाही आमच्याबरोबर निघाले. नातीच्या शिक्षणाची त्यांना काळजी होती असं ते म्हणाले. मला वाटतं, रविवारी घरी राहिले असते तर मी त्यांच्या साखरेसाठी करून ठेवलेला नाचणीचा उपमा खावा लागला असता, त्याची त्यांना जास्त काळजी होती.

होसकोटे ओलांडलं आणि थोड्या वेळाने मोबाइलमधली बाई म्हणाली, तुमचं ठिकाण डाव्या बाजूला आहे. डाव्या बाजूला पांढरे शुभ्र, रोमन सम्राटाला शोभतील असे खांब होते. मागे कारंजं. कमानीवर फुलंच फुलं. समोर गाड्यांची ही रांग!

“तुम्ही दोघं उतरा, आत जाऊन जागा धरा,” गिरीश म्हणाला. “मी गाडी लावून येतो.”

“मी बाबाबरोबर,” मागून शर्वरी म्हणाली. “आणि माझी जागा धरू नकोस, आई. मला नकोय.”

मी आणि अण्णा उतरलो. अण्णांनी मान वर करून कमानीवरची कानडी अक्षरं वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग शर्टची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “चल.”

दारात रेशमी साड्या नेसलेल्या दोन मुली उभ्या होत्या. एकीने माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं, दुसरीने कुंकू लावलं, हातात खडीसाखर आणि गजरा दिला. मनात म्हटलं, वा! मुकुटवाल्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. शेजारी सिल्कचा शर्ट घातलेला एक माणूस लोकांना वाट दाखवत होता. त्याने मला नखशिखांत बघितलं. (माझ्या अंगावर जीन्स, पायात बूट, पाठीवर ऑफिसची सॅक.)

“मॅडम, गर्ल साइड ऑर बॉय साइड?”

मला वाटलं, मुलींच्या आणि मुलांच्या अ‍ॅडमिशनच्या रांगा वेगळ्या असतील. वसतिगृहं वेगळी असतात, तसं.

“गर्ल!” मी म्हटलं. “ओन्ली वन गर्ल!”

“ओ, व्हेरी क्लोज!” तो एकदम अदबीने म्हणाला आणि आम्हाला थेट पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. अण्णा त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलले. दोघं हसले. मी विचारलं, “काय म्हणाला?” अण्णा म्हणाले, “बसा म्हणाला.”

हॉल भव्य होता. स्टेजवर लाल मखमलीच्या, सोनेरी पायांच्या दोन खुर्च्या. एक चॅन्सलरची, एक व्हाइस चॅन्सलरची असणार! कोपऱ्यात सनई आणि ढोल वाजत होते. संस्कृती जपतायत, मी मनाशी नोंद केली. मोठ्या पडद्यावर एक तरुण आणि एक तरुणी यांचे फोटो एकामागून एक येत होते. दोघं लॅपटॉप घेऊन कॉफी पितायत. दोघं मोटरसायकलवर. दोघं शेतातून धावतायत. खाली कानडीत काहीतरी लिहिलेलं.

“माजी विद्यार्थी दिसतायत,” मी अण्णांना म्हटलं. “शेतात काय करतायत?”

“रिसर्च,” अण्णा म्हणाले.

तेवढ्यात एक भारदस्त गृहस्थ आले. रेशमी धोतर, खांद्यावर उपरणं, डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा. जो तो त्यांच्या पाया पडत होता. खासगी विद्यापीठाचा चॅन्सलर याहून वेगळा काय दिसणार? ते स्वतः पुढच्या रांगेत एकेकाला नमस्कार करत आमच्यापर्यंत आले, आणि इतके दिवस मनात साठलेलं सगळं मी त्यांच्यासमोर ठेवलं. हिंदीतून. कानडीतून मी त्यांना फार तर कोथिंबिरीचा भाव विचारू शकले असते.

“सर, खर्चा बहोत बडा है,” मी म्हटलं. “इतना खर्चा करके मिलता क्या है?”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. त्यांचे डोळे चक्क पाणावले. “मॅडम,” ते म्हणाले, “बेटी के लिए खर्चा करते समय कौन हिसाब करता है?”

मी गारद! चॅन्सलर असं बोलतात? मुलींना ते बेटी म्हणतात?

“और प्लेसमेंट?”

“लडका बेळ्ळंदूर में है. बाद में अमेरिका जाएगा.”

“सब लडके?”

“एक ही लडका है, मॅडम!”

किती प्रामाणिक माणूस, मला वाटलं. बाकीची कॉलेजं शंभर टक्के सांगतात. हे सरळ सांगतायत, एकालाच मिळाली.

“बीच में छोडके तो नहीं जाते?” मी विचारलं. म्हणजे कॉलेज अर्धवट सोडणाऱ्यांबद्दल. ते दचकले. दोन्ही कानांना हात लावून म्हणाले, “छी छी! आज के दिन ऐसा अशुभ मत बोलिए!” आणि लगेच प्रेमाने, “पहले ऊटा कीजिए. खाना खाए बिना नहीं जाना.”

अण्णा तोवर उठलेसुद्धा होते.

जेवणाचा हॉल खाली होता. लांबच लांब टेबलं, केळीची पानं, आणि वाढणाऱ्यांची धावपळ. कोशिंबिरी, पल्या म्हणजे सुक्या भाज्या, बिसी बेळे भात, त्यावर तुपाची धार. मग पुरणाची होळिगे, तिच्यावर परत तुपाची धार. मी वाढणाऱ्याला विचारलं, “रोज ऐसाही होता है?” तो म्हणाला, “रोज, मॅडम! सीजन में दिन में दो बार!”

आणि इथे, मंडळी, मी फिरले. अगदी शरमेची गोष्ट आहे, पण फिरले. ज्या बाईने महिनाभर महागड्या शिक्षणाविरुद्ध घरात भाषणं ठोकली, ती एका होळिगेवर फिरली. म्हटलं, पोरीला रोज असं जेवण मिळणार असेल, बेटी म्हणणारा चॅन्सलर असेल, तर गेला प्लॉट खड्ड्यात! मी डाव्या हाताने गिरीशला फोन लावला.

“कुठे आहात तुम्ही?” तो कुजबुजत होता. “प्रेझेंटेशन सुरू होऊन किती वेळ झाला! मी पुढच्या रांगेत जागा धरून बसलोय.”

“पुढच्या रांगेत आम्ही होतो. तू नव्हतास.”

“मग आता कुठे आहात?”

“जेवतोय. गिरीश, ऐक, मला पटलं. घेऊन टाकू अ‍ॅडमिशन.”

“जेवताय? इथे पाण्याची बाटलीसुद्धा अ‍ॅप डाउनलोड केल्याशिवाय देत नाहीयेत!”

“अरे, मी स्वतः चॅन्सलरशी बोलले. फार साधा माणूस आहे.”

गिरीश एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “मेधा, चॅन्सलर माझ्यासमोर स्टेजवर आहेत. सूट घातलाय. बोलतायत.”

“मग हे कोण?”

मी मान वर केली. समोरून सनईच्या गजरात पडद्यावरची ती ‘माजी विद्यार्थिनी’ येत होती. गळ्यात हार, कपाळावर मुंडावळ्यांसारखं मोत्यांचं काहीतरी. तिच्यामागे उपरण्याला गाठ मारलेला तो माजी विद्यार्थी. आणि माझे चॅन्सलर आपल्या हाताने तिला होळिगेचा घास भरवत होते आणि रडत होते.

मी फोन बंद केला. “अण्णा!” मी कसंबसं म्हटलं. “अण्णा, हे लग्न आहे!”

“हो की,” अण्णा म्हणाले. त्यांची तिसरी होळिगे चालू होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“कमानीवर लिहिलंय हे एवढ्या मोठ्या अक्षरात. कल्याण मंटप. मुलीचं नाव काव्या.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू दोन डिग्र्यांची. मी म्हटलं, तुला माहीत असेल. काहीतरी विचार करूनच आत आली असेल.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि तो नाचणीचा उपमा, मेधा... माणसाला मर्यादा असते.”

“अण्णा, आपण फुकट जेवतोय लोकांच्या लग्नात!”

“फुकट कसं? आहेर करून आलोय मी पाकिटात घालून. तुझ्या नावाने.”

मी हात धुऊन सरळ त्या गृहस्थांपुढे गेले आणि हात जोडले. सगळं सांगितलं. कॉलेज, मुलगी, प्लेसमेंट, सगळं. ते असे हसायला लागले की पेटा तिरका झाला. मघाचं रडं विसरून हसत होते. बाजूच्या चार जणांना बोलावून त्यांनी कानडीत सांगितलं, तेही हसले. मग नवरीला सांगितलं. ती सगळ्यांत जास्त हसली.

“आंटी, यू आर नॉट फुल्ली राँग,” ती इंग्रजीतून म्हणाली. “मी शेजारच्या कॉलेजातच शिकले. हा हॉलही त्यांचाच आहे. खांब एकाच कंत्राटदाराने बांधलेत.”

“चार साल उस गेट में पैसा दिया,” तिचे वडील डोळे पुसत म्हणाले, “आज इस गेट में दिया. मालिक एक ही है, मॅडम!”

मी नवरीला विचारलं, “मग? कसं होतं कॉलेज?” म्हणजे आलेच आहे तर चौकशी तरी पुरी करू.

तिने थोडा विचार केला. “आंटी, जेवण इथलं चांगलं आहे,” ती म्हणाली.

एवढ्यात फोटोग्राफर ओरडला, “गर्ल साइड फॅमिली, कम कम!” आणि आम्हाला कोणीतरी ढकललं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या डाव्या हाताला, पाठीवर सॅक घेतलेली एक बाई आहे. ती मी. शेजारी अत्यंत तृप्त चेहऱ्याचे वयस्कर गृहस्थ. ते अण्णा.

निघताना दोघांच्या हातात नारळाची पिशवी आली. नको नको म्हटलं तरी आली. कुंपणातल्या एका छोट्या फाटकातून आम्ही खऱ्या कॉलेजात गेलो. गाड्या लावायची जागा याच बाजूला होती, म्हणून गिरीश बरोबर पोचला होता. तेच खांब, तेच कारंजं. फक्त वास तुपाचा नव्हता.

गिरीश आणि शर्वरी एका काचेच्या केबिनमध्ये बसले होते. समोर ब्लेझर घातलेला एक तरुण समुपदेशक. शर्वरीच्या हाताची घडी. गिरीशच्या हातात पेन. आम्ही आत शिरलो. माझ्या केसांत गजरा आणि अक्षता, कपाळावर कुंकू, हातात नारळ. गिरीश माझ्याकडे बघतच राहिला.

“वेलकम मॅम!” समुपदेशक म्हणाला. (त्याला वाटलं असेल, आम्ही मुलीच्या अ‍ॅडमिशनआधी देवळात जाऊन आलो.) “सरांना सगळं पटलंय. आज सीट ब्लॉक केली तर लेक व्ह्यू हॉस्टेल मिळेल.”

“लेक?” शर्वरीने पहिल्यांदाच मान वर केली.

“येस! आमचं स्वतःचं लेक आहे. बघा ना.”

खिडकीबाहेर खरंच एक तळं होतं. निळंशार. काठाला एकही गवताचं पातं नाही.

“त्यात पाणी कुठून येतं?” शर्वरीने विचारलं.

“टँकर.”

“आणि जातं कुठे?”

“कुठेच नाही. खाली प्लास्टिक आहे.”

“मासे? बेडूक? शेवाळ?”

“नो नो!” तो अभिमानाने म्हणाला. “एकदम क्लीन. काहीही जिवंत नाही.”

शर्वरीने गिरीशकडे बघितलं. “बाबा,” ती म्हणाली, “मी इथे येणार नाही. तू सही केलीस तरी येणार नाही. मला गाडीत घालून आणलंस तर उतरणार नाही.”

समुपदेशक हसला. असल्या मुली तो रोज बघत असणार. तो माझ्याकडे वळला. “मॅम, तुम्हीच समजावा. तुम्ही स्वतः इंजिनियर, एमबीए आहात असं सर म्हणाले. चांगल्या कॉलेजची व्हॅल्यू तुमच्याशिवाय कोणाला कळणार?”

आता, मी भांडकुदळ बाई नाही. ऑफिसात मी मीटिंगमध्ये ‘पॉइंट नोटेड’ म्हणते आणि घरी येऊन उशीला बुक्के मारते. पण त्या दिवशी पोटात दोन जिन्नसांचं तूप होतं.

“मलाच कळते,” मी म्हटलं. “दोन डिग्र्या आहेत माझ्या. दोन्ही महागड्या. आणि आत्ता शेजारी जाऊन मी नवरीच्या बापाला प्लेसमेंट विचारून आले. मला कॉलेज आणि लग्न यातला फरक कळला नाही, बाप्पा! माझ्या मुलीला निदान तळं कुठलं आणि टाकी कुठली ते कळतं. ते तिला तुम्ही शिकवलेलं नाही, आणि मीही नाही. तिचं आम्ही बिघडवायचं कशाला?”

“मॅम, पण फ्यूचर...”

“फ्यूचर तिचं आहे. तिला हव्या त्या तळ्यात ती ते भिजवेल.”

“लग्न?” गिरीश म्हणाला. “कोणाचं लग्न?”

“काव्याचं,” अण्णा म्हणाले. “होळिगे फार चांगली होती.”

समुपदेशकाने विचारलं, मग सीट ब्लॉक करू की नको? गिरीशने पेनाला टोपण लावलं. उठला. आणि गाडीकडे चालू लागला.

परतीच्या वाटेवर गाडीत मी समोर बघत होते, शर्वरी खिडकीबाहेर. अण्णा तेवढे झोपले होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा गिरीश म्हणाला, “तुम्हाला वाटतं मला शायनिंग मारायची होती.”

“तसं नाही रे,” मी म्हटलं.

“माझ्या कॉलेजचं नाव कोणाला माहीत नव्हतं. पावसात प्रयोगशाळा गळायची. इंटरव्ह्यूला कॉलेजचं नाव विचारलं की मी हळू आवाजात सांगायचो. अजूनही सांगतो. तिच्यावर ती वेळ येऊ नये, एवढंच होतं.”

इतक्या वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, त्याचा आवाजच तेवढा आहे.

मागून शर्वरीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “बाबा, मी मोठ्याने सांगीन.”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. गिरीश गाडी हलवीना. डोळे पुसत म्हणाला, “या हॉर्नवाल्यांना काय घाई असते, कळत नाही.”

“चल की रे,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले. “पोरीचं ठरलं. प्लॉट वाचला. आता स्वल्प एसी वाढव.”

बातमी फुटली तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला फैलावर घेतलं. माझ्या नागपूरच्या मावशीने विचारलं, “मार्क कमी पडले का गं?” पुण्याचा दीर म्हणाला, “बीएस्सी? आजच्या काळात?” एका मैत्रिणीने तर हळूच विचारलं, गिरीशची नोकरी ठीक आहे ना? सगळ्यांना मी एकच सांगितलं: तिला हवं ते कॉलेज परवडलं, आणि आम्हाला तिचं ऐकणं परवडलं. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. महागडं कॉलेज घेतलं असतं तरी माहीत नसतंच, फक्त माहीत नसण्याची फी भरली असती. मावशीला हे पटलं नाही. मावशीला पटवायला मी जन्माला आलेली नाही.

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी शर्वरी म्हणाली, “मी एकटी जाते, मेट्रोने.” मी म्हटलं, सरी. आणि रजा टाकून तिच्यामागून दुसऱ्या डब्यातून गेले. (आई आहे मी.) जुनी दगडी इमारत, गंजकं फाटक, आत पावसाने हिरवं झालेलं मैदान. शर्वरी आत गेली, मागे वळूनही बघितलं नाही. मी फाटकाशी उभी राहून जरा डोळे टिपले. छाती अशी फुगली होती! सगळ्या जगाशी भांडून मी माझ्या लेकीला खऱ्या शिक्षणाच्या दारात आणून सोडलं होतं. दोन डिग्र्यांची, स्वतंत्र विचारांची, निर्भय बाई!

पहारेकरी स्टुलावरून उठून माझ्यापाशी आला. माझी सॅक बघितली, माझे पांढरे केस बघितले, रडवेला चेहरा बघितला, आणि त्याला माझी फार दया आली.

“राहिलेल्या विषयांची परीक्षा ना, अक्का?” तो मोडक्या हिंदीत हळुवारपणे म्हणाला. “मागच्या बिल्डिंगमध्ये आहे. रडू नका. या खेपेला सुटाल.”